देशोदेशींचा परका, एका साहित्याचा गुरू : पेद्रो एन्रीकेस उरेन्या

मागील अंकात अर्जेंटिनाचे कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्यावर जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात साबातो यांच्या शाळेतील एका शिक्षकाचा ‘थोर संशोधक’ असा ओझरता उल्लेख होता : पेद्रो एन्रीकेस उरेन्या. स्पॅनिश भाषेतील साहित्याचे हे अभ्यासक मूळचे कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे; त्यांच्या आयुष्याची बहुतेक वर्षे मात्र परदेशांत गेली. त्या एका ओळीवरून वाचकांची इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि प्रश्नकर्त्यांच्या नावांऐवजी गावे दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेला माणूस थेट अर्जेंटिनातील शाळेत शिक्षक म्हणून कसा पोहोचला? मध्ये काय घडले, ते सविस्तर सांगावे.

उत्तर : २९ जून १८८४ रोजी सान्तो दोमिंगो शहरात पेद्रो यांचा जन्म झाला. घर सुशिक्षित होते, पण निवांत नव्हते. आई सालोमे उरेन्या या त्या देशाच्या मान्यवर कवयित्री. १८८१ मध्ये त्यांनी राहत्या घरी मुलींसाठी संस्था काढली आणि १८८७ मध्ये तिथून पहिल्या सहा शिक्षिका पदवी घेऊन बाहेर पडल्या. क्षयाने १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पेद्रो बारा वर्षांचे होते. वडील फ्रान्सिस्को एन्रीकेस इ कार्वाखाल हे डॉक्टर, वकील आणि राजकारणी होते. तेथील राजकारणात सरकारे सारखी उलथत असत, त्यामुळे घराचे बस्तानही राजकारणाच्या लहरीवर बसत आणि उठत असे. वडील परराष्ट्रमंत्री असताना, १९०१ मध्ये, मुले न्यूयॉर्कला गेली. पुढच्याच वर्षी ते सरकार पडले, घरून येणारे पैसे बंद झाले आणि पेद्रो यांना कारकुनी पत्करावी लागली. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री नाट्यगृहातील स्वस्त जागा असे ते दिवस होते.

तेथून १९०४ मध्ये ते क्यूबातील हवाना येथे गेले. तिथे १९०५ मध्ये त्यांचा पहिला समीक्षालेखसंग्रह निघाला. १९०६ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले. मग पुन्हा हवाना, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क येथे पत्रकारिता, १९१६ पासून मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन, मध्ये माद्रिदमध्ये संशोधन, १९२१ मध्ये परत मेक्सिको आणि १९२४ मध्ये अर्जेंटिना. तिथे ते मधली काही वर्षे सोडता मृत्यूपर्यंत राहिले. ही यादी भराभर वाचली की भटकंतीचा मोह वाटतो. प्रत्यक्षात यातील जवळजवळ प्रत्येक स्थलांतरामागे एक तर क्रांती आहे, नाही तर परकीय आक्रमण, नाही तर ज्याच्या भरवशावर नोकरी मिळाली त्याच्याशी झालेला बेबनाव. सुखासुखी त्यांनी देश बदललेला दिसत नाही.

प्रश्न (नागपूर) : मेक्सिकोत त्यांना मित्र ‘सॉक्रेटिस’ म्हणत असे वाचले. तेव्हा तर ते अगदीच तरुण असणार. हे कौतुक होते की थट्टा?

उत्तर : दोन्ही असावे. मेक्सिकोत उतरले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे तिथल्या विमा कंपनीतील नोकरी सांभाळून त्यांनी समवयस्क मंडळी गोळा केली. अल्फोन्सो रेयेस, आन्तोनियो कासो आणि होसे वास्कोन्सेलोस ही त्यातील पुढे नावारूपाला आलेली नावे. त्या काळी पोर्फिरिओ दियास यांची तीन दशकांची राजवट शेवटच्या घटका मोजत होती, आणि शिक्षणसंस्थांवर प्रत्यक्षवादाचा, म्हणजे निरीक्षणाने सिद्ध होते तेवढेच खरे ज्ञान मानणाऱ्या विचाराचा, असा पगडा होता की ग्रीक साहित्य, तत्त्वमीमांसा किंवा सौंदर्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात फारशी जागाच उरली नव्हती. या तरुणांनी ती जागा अभ्यासक्रमाबाहेर तयार केली. एका वास्तुविशारद मित्राच्या कामाच्या खोलीत बसून त्यांनी प्लेटोचा प्रीतिभोजनाचा संवाद रात्रभर वाचला. प्रत्येकाने त्यातील एकेका पात्राचे भाषण वाचले आणि बाहेरच्या रस्त्याचा सर्वांना विसर पडला, असे पेद्रो यांनीच नंतर लिहिले आहे. १९०९ च्या ऑक्टोबरात या मंडळींनी युवकांचे ‘आतेनेओ’ हे व्याख्यानमंडळ रीतसर स्थापन केले. दुसऱ्या वर्षी क्रांतीचा भडका उडाला.

‘सॉक्रेटिस’ हे नाव पडण्याचे कारण त्यांच्या स्वभावात होते. मित्राने कविता वाचून दाखवली की ते तिची बारकाईने चिरफाड करत, कोणते पुस्तक आधी वाचावे आणि कोणते नंतर याची यादी हातात ठेवत, आणि आळस दिसला की स्पष्ट सुनावत. रेयेस यांच्याशी त्यांचा आयुष्यभर पत्रव्यवहार चालला. त्याचा १९१४ पर्यंतचाच भाग एक जाडजूड ग्रंथ होईल इतका आहे. त्यातील पेद्रो यांची पत्रे वाचताना मधूनमधून धाकट्या मित्राची दया येते, इतके ते कठोर आहेत. रेयेस यांनी मात्र हे ऋण जन्मभर मानले. वडील लष्करी उठावात मारले गेल्यावर १९१३ मध्ये रेयेस यांनी मेक्सिको सोडले, आणि पुढच्या वर्षी कायद्याची पदवी हाती पडताच पेद्रो यांनीही. परक्या माणसाने आमच्या तरुणांना वळण लावावे हे न रुचणारे लोक तिथेही होतेच.

प्रश्न (इचलकरंजी, एक निवृत्त शिक्षिका) : ‘थोर संशोधक’ असे म्हणून आपण पुढे गेलात. त्यांनी नेमके संशोधन काय केले, हे साहित्याच्या सामान्य वाचकाला कळेल असे सांगता येईल का?

उत्तर : दोन उदाहरणे घेतो. तेवढी पुरतील.

पहिले उदाहरण नाटककार ह्वान रुईस दे आलार्कोन यांचे. हे सतराव्या शतकातील स्पॅनिश रंगभूमीच्या सुवर्णकाळातील चार-पाच मोठ्या नावांपैकी एक, परंतु जन्माने मेक्सिकोचे. त्यांनी माद्रिदमध्ये नाटके लिहिली, तिथेच १६३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि पाठीला असलेल्या कुबडावरून तिथल्या प्रसिद्ध कवींनी त्यांची क्रूर टवाळी केली. स्पेनच्या साहित्येतिहासात ते स्पॅनिश नाटककार म्हणूनच गणले जात. १९१३ च्या डिसेंबरात मेक्सिको शहरातील एका पुस्तकाच्या दुकानात पेद्रो यांनी त्यांच्यावर व्याख्यान दिले आणि प्रश्न टाकला : इतर नाटककार प्रसंगांचा धुरळा उडवत असताना हा माणूस इतके मोजके का लिहितो? त्याची पात्रे भांडतानाही सौजन्य का सोडत नाहीत? खोटे बोलण्यासारख्या रोजच्या दुर्गुणावर अख्खे नाटक उभारावे असे त्यालाच का सुचते? पेद्रो यांचे उत्तर असे की हा संयम, ही अदब, हा मंद स्वर मेक्सिकोच्या पठारावरील माणसांचा आहे, आणि आलार्कोन यांनी तो माद्रिदला जाताना आपल्याबरोबर नेला. या उत्तरावर पुढे पुष्कळ वाद झाला. ‘राष्ट्रीय स्वभाव’ नावाची गोष्ट असते का आणि असली तरी ती नाटकाच्या संवादांतून मोजता येते का, हा आक्षेप रास्त आहे, आणि आज कोणी हा सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारील असे वाटत नाही. पण त्या व्याख्यानाने एक दार उघडले. वसाहतीत जन्मलेल्या लेखकाकडे स्पेनची शाखा म्हणून पाहण्याऐवजी त्याच्या मूळ भूमीकडून पाहता येते, हे त्याने दाखवले. मेक्सिकोत उपरा ठरलेल्या माणसानेच माद्रिदमध्ये उपऱ्या ठरलेल्या लेखकाचे मेक्सिकोपण ओळखावे, यात नवल नाही.

दुसरे उदाहरण छंदाचे, म्हणजे कवितेच्या वृत्तरचनेचे. मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी १९१८ मध्ये डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला आणि जो १९२० मध्ये माद्रिदमध्ये स्पेनचे भाषा-साहित्य संशोधक रामोन मेनेंदेस पिदाल यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने निघाला, त्याचा विषय कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश, काव्यातील अनियमित पद्यरचना हा आहे. स्पॅनिश कविता म्हणजे ओळीतील अक्षरे मोजून रचलेली कविता, असा विद्वानांचा पक्का समज होता. मध्ययुगीन वीरकाव्यांत ओळी लहानमोठ्या सापडल्या, तर लेखनिकाने चुका केल्या किंवा कवी अडाणी होता असे म्हणून काही विद्वान त्या ‘दुरुस्त’ही करत. वीरकाव्याविषयीचा हा समज मेनेंदेस पिदाल यांनी आधीच ढिला केला होता. पेद्रो यांनी मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंतची गाणी, नृत्यगीते, म्हणी, नाटकांतील लोकगीते पालथी घातली आणि अक्षरसंख्येला न जुमानणारी, आघातावर किंवा नुसत्या चालीवर तोललेली अशी दुसरी धारा शतकानुशतके वाहत आली आहे हे दाखवून दिले. दरबारी अभिरुचीचा जोर वाढला की ही धारा लोकांत जाते, आणि अभिरुची थकली की कवी पुन्हा तिच्याकडे येतात. ओवीच्या चरणांत अक्षरे कमीजास्त असूनही ती जात्यावर कुठे अडखळत नाही, हे कानाने जाणणाऱ्या मराठी वाचकाला या प्रबंधाचा गाभा समजायला अडचण पडू नये.

त्यांचे सगळेच सिद्धान्त टिकले असे मात्र नाही. अमेरिका खंडातील स्पॅनिश ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाच्या बोलीतून आली, हे मत त्यांनी अनेक वर्षे हिरिरीने खोडून काढले. स्थलांतरितांच्या नोंदींचा पुढे जो तपशीलवार अभ्यास झाला, त्याने या बाबतीत बव्हंशी त्यांच्या विरोधकांचीच बाजू बळकट केली.

प्रश्न (ठाणे) : ते अमेरिकेत प्राध्यापक झाले होते, तर तिथेच स्थिरावले का नाहीत? आजच्या हिशेबाने ती मोठी संधी होती.

उत्तर : यासाठी १९१६ हे वर्ष पाहावे लागेल. त्या वर्षाच्या मे महिन्यात अमेरिकेच्या नौसैनिकांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकात पाय ठेवला. जुलैमध्ये तिथल्या काँग्रेसने पेद्रो यांच्या वडिलांना हंगामी राष्ट्राध्यक्ष निवडले. देशाची आर्थिक सूत्रे आणि सैन्य अमेरिकेच्या हाती द्यावे, ही मागणी त्यांनी मानली नाही. मग जकातीचे उत्पन्न अडवून सरकारचे पगारच थांबवण्यात आले. नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेने उघड लष्करी शासन जाहीर केले आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. हे शासन १९२४ पर्यंत टिकले. वडील देशोदेशी जाऊन कब्जा उठवण्यासाठी मोहीम चालवत होते, आणि नेमक्या याच काळात मुलगा मिनियापोलिसमध्ये कब्जा करणाऱ्या देशाच्या तरुणांना स्पॅनिश व्याकरण शिकवत होता. न्यूयॉर्कच्या स्पॅनिश वृत्तपत्रांतून त्यांनी देशाची बाजू मांडली. वर्गात मात्र व्याकरणच शिकवले.

तिथल्या विद्यापीठांची शिस्त, ग्रंथालये आणि काही सहकारी यांच्याविषयी त्यांना आदर होता, आणि इंग्रजी साहित्य तर ते लहानपणापासून वाचत आले होते. तरीही ज्या देशाने आपल्या वडिलांचे सरकार मोडले तिथे घर करावे, असे त्यांना वाटले नसणार. शिवाय ते मिश्रवर्णी होते, आणि त्या काळच्या अमेरिकेत याचा अर्थ काय होता हे वेगळे सांगायला नको. १९२१ मध्ये मेक्सिकोहून बोलावणे आले. जुना मित्र वास्कोन्सेलोस आता राष्ट्रीय विद्यापीठाचा प्रमुख आणि लवकरच शिक्षणमंत्री होणार होता. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या, सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हाती द्यायच्या, होमर, प्लेटो, दान्ते आणि आपले रवींद्रनाथ यांची पुस्तके हिरव्या बांधणीत सरकारी खर्चाने छापून गावोगाव पोहोचवायची, असा तो झपाटलेला काळ होता. पेद्रो यांनी विद्यापीठाची उन्हाळी शाळा सांभाळली, आणि १९२३ मध्ये इसाबेल लोम्बार्दो तोलेदानो यांच्याशी विवाह केला. पण मंत्री झालेला मित्र आणि चुका दाखवण्याची सवय न सुटलेला मित्र यांचे फार काळ जमणे कठीणच. बेबनाव झाला. १९२४ मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी यांच्यासह ते अर्जेंटिनाला निघाले.

प्रश्न (रत्नागिरी) : एवढ्या विद्वानाला अर्जेंटिनात शाळकरी मुलांच्या वह्या तपासाव्या लागल्या, ही शोकांतिकाच नव्हे का?

उत्तर : अन्याय होता यात शंका नाही, पण ‘शोकांतिका’ म्हणायला मन धजत नाही. ब्यूनोस आयर्सच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर ला प्लाता हे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाशी जोडलेल्या माध्यमिक शाळेत त्यांना स्पॅनिश शिकवण्याचे काम मिळाले. पुढे ते ब्यूनोस आयर्सला राहू लागले आणि आगगाडीने ये-जा करू लागले. तिथल्या भाषाशास्त्र संस्थेत आमादो आलोन्सो यांच्यासोबत संशोधन, शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत तास, नियतकालिकांना लेख, प्रकाशकांसाठी ग्रंथमालांचे संपादन अशी कामे त्यांनी एकमेकांना जोडून संसार चालवला. विद्यापीठात कायम आणि पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. याविषयी साबातो यांनी नंतर फार कडवटपणे लिहिले आहे, आणि त्यांचा राग योग्यच आहे.

साबातो १९२४ मध्ये आईपासून दूर, घाबरलेला मुलगा म्हणून त्या शाळेत आले होते. त्यांनी सांगितलेली एक आठवण अर्जेंटिनात सर्वांना ठाऊक आहे. बऱ्याच वर्षांनी त्यांना हे गुरुजी आगगाडीत भेटले. जवळ नेहमीची फुगलेली बॅग होती, आणि तिच्यातून काढलेल्या मुलांच्या वह्या ते लाल खुणा करत तपासत होते. हे काम दुसरा कोणीही करील, आपण यात वेळ का घालवता, असे साबातो यांनी विचारले. यांपैकी एखादा पुढे लेखक होणारा असेल, एवढेच त्यांनी उत्तर दिले. समोर उभ्या असलेल्या साबातो यांच्याबाबतीत ते आधीच खरे ठरले होते, किंवा ठरणार होते : भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट आणि पॅरिसच्या क्यूरी प्रयोगशाळेतील काम सोडून ते साहित्याकडे वळले, तेव्हा ‘सूर’ या नियतकालिकाचे दार त्यांना या गुरुजींनीच उघडून दिले. याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला आणखी एक विद्यार्थी म्हणजे रेने फावालोरो. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेशी जोडले गेलेले हे शल्यविशारद भाषा-साहित्याच्या शिक्षकांची आठवण शेवटपर्यंत काढत.

वह्या तपासण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. आलोन्सो यांच्यासोबत त्यांनी १९३८ आणि १९३९ मध्ये दोन भागांत शालेय व्याकरण लिहिले. व्याख्या पाठ करण्याऐवजी चांगल्या लेखकाचे वाक्य समोर ठेवून त्यातील रचना ओळखायला शिकवणारे हे पुस्तक कितीतरी वर्षे वर्गांत वापरले गेले. ज्याने वर्गात प्रत्यक्ष उभे राहून खडू झिजवला नाही, त्याच्या हातून असे पुस्तक होत नाही.

११ मे १९४६ रोजी ला प्लाताचीच गाडी पकडण्यासाठी ते कोन्स्तितुसिओन स्थानकात धावत गेले, डब्यात शिरून सहकाऱ्याशेजारी जागेवर बसले आणि बसल्या जागी गेले. वय एकसष्ट. त्याच्या काही दिवस आधी रस्त्याच्या एका कोपऱ्यावर अर्जेंटिनाचे लेखक बोर्खेस यांच्याशी त्यांचे बोलणे झाले होते, तेही एका जुन्या स्पॅनिश कवितेतील ‘हे मृत्यो, बाण येतो तसा गुपचूप ये’ या अर्थाच्या ओळीवर. बोर्खेस यांनी हा योगायोग पुढे एका छोट्या गद्यरचनेत गुंफला आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : न्यायाविषयी इतके लिहिणाऱ्या या विद्वानाने त्रुहियोसारख्या हुकूमशहाच्या सरकारात पद स्वीकारले होते, हे खरे आहे काय?

उत्तर : खरे आहे. १९३१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले आणि शिक्षण खात्याचे मुख्य अधीक्षक झाले. त्रुहियोची राजवट तेव्हा कोवळी होती. पण तिचा स्वभाव कळणार नाही इतकी कोवळी नव्हती. तीस वर्षांनी मिळालेली मायदेशात काम करण्याची ही पहिलीच संधी होती, हे मोहाचे कारण समजू शकते. दीड वर्षातच, १९३३ च्या मध्यास, ते बाहेर पडले आणि पुन्हा कधी परत गेले नाहीत. भाऊ माक्स यांनी मात्र त्या राजवटीची राजनैतिक सेवा पत्करली. पेद्रो यांनी जाहीरपणे त्रुहियोवर आसूड ओढले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. १९२५ च्या एका भाषणात त्यांनी न्यायाचा आदर्श संस्कृतीच्या आदर्शाच्या आधी येतो, आणि स्वतःच्या बौद्धिक परिपूर्णतेमागे लागलेल्या माणसापेक्षा न्यायासाठी तळमळणारा माणूस श्रेष्ठ, असे स्पष्ट म्हटले होते. त्या कसोटीवर ही दीड वर्षे उणीच भरतात. त्यांचे चाहते या काळाविषयी दोन ओळी लिहून पुढे सरकतात. तसे करण्याचे कारण नाही.

प्रश्न (पणजी) : स्पॅनिश अमेरिकेत वीसच्या आसपास देश. मग ‘एक साहित्य’ कसे म्हणायचे? आणि ही कल्पना त्यांचीच का?

उत्तर : कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे, तिला ग्रंथाचे रूप मात्र त्यांनी दिले. हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट नॉर्टन यांच्या नावाचे काव्यविषयक व्याख्यानपीठ आहे. इगोर स्ट्राविन्स्की यांच्या पाठोपाठ, १९४०-४१ साली, ते पेद्रो यांना मिळाले. स्पॅनिश अमेरिकेतील व्यक्तीला हा मान प्रथमच मिळत होता. जन्मभर शाळेचे तास घेणाऱ्या या शिक्षकाने तिथे इंग्रजीतून जी व्याख्याने दिली, ती १९४५ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि १९४९ मध्ये मेक्सिकोत त्यांचा स्पॅनिश अनुवाद निघाला. त्याआधी असे इतिहास बहुधा देशवार लिहिले जात : चिलीचा वेगळा, पेरूचा वेगळा, आणि प्रत्येकात किरकोळ कवींची नामावळी. पेद्रो यांनी देशांच्या सीमा बाजूला ठेवून काळाचे टप्पे घेतले. सुरुवात कोलंबसाच्या पत्रातील नव्या भूमीच्या वर्णनापासून केली, पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलला आत घेतले, आणि साहित्यासोबत चर्चची वास्तुकला, चित्रकला, संगीत यांनाही जागा दिली.

या इतिहासात त्यांना दिसलेले एक सूत्र फार मोलाचे आहे. आन्द्रेस बेल्यो या व्हेनेझुएलाच्या कवीने १८२३ मध्ये लंडनमध्ये बसून कवितेला युरोप सोडून अमेरिका खंडात येण्याचे आवाहन केले. तेव्हापासून प्रत्येक पिढी आधीच्या पिढीवर असंतुष्ट होऊन उठते, आपला अस्सल आवाज आपणच शोधून काढू अशी ग्वाही देते, आणि नवा उपाय सुचवते. कोणी म्हणते निसर्गाचे वर्णन करा, कोणी म्हणते मूळ रहिवाशांकडे वळा, कोणी गुराख्यांच्या बोलीकडे बोट दाखवते, तर कोणी युरोपकडेच. देशीवादाच्या चर्चा ऐकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही मालिका अगदी ओळखीची वाटेल. पेद्रो यांनी १९२६ मध्येच एका व्याख्यानात यावर निवाडा दिला होता : हे सगळे उपाय वापरून चांगलेही लिहिता येते आणि वाईटही, अभिव्यक्तीचे गुपित एकच, तिच्यावर खोलवर मेहनत घेणे, आणि जे म्हणायचे आहे त्याच्या मुळापर्यंत उतरणे.

असे एकसंध चित्र दिसायला पाचसहा देशांत नोकऱ्या कराव्या लागल्या, असे आमचे मत आहे. मेक्सिकोत राहणाऱ्या विद्वानाला मेक्सिको दिसे, अर्जेंटिनातल्याला अर्जेंटिना. ज्याला कुठेच पूर्ण आपले म्हटले गेले नाही, त्याला या सर्वांमधले साम्य रोज भेटत होते. अर्थात म्हणून त्यांच्यावर लादलेले परकेपण योग्य ठरत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी) : असे स्थलांतरित अभ्यासक आणखी होते का?

उत्तर : पुष्कळ. वर आलेले आमादो आलोन्सो स्पेनहून अर्जेंटिनात आले आणि १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या काळात पद गेल्यावर हार्वर्डला गेले. त्यांचे शिष्य रायमुंदो लिदा तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील लेम्बर्ग येथे ज्यू घरात जन्मले, लहानपणी ब्यूनोस आयर्सला आले, आणि पुढे मेक्सिकोमार्गे तेही हार्वर्डला पोहोचले. ब्राझीलमध्ये जन्मलेले आमेरिको कास्त्रो स्पेनच्या यादवी युद्धानंतर प्रिन्स्टनला शिकवत होते. कातालान भाषाशास्त्रज्ञ जोआन कोरोमिनेस यांनी स्पॅनिशचा व्युत्पत्तिकोश अर्जेंटिनातील मेंदोसा आणि नंतर शिकागो येथे राहून सिद्ध केला. पेद्रो यांची धाकटी बहीण कामिला याही साहित्याच्या अध्यापक. त्यांनी अमेरिकेतील व्हॅसर कॉलेजात बरीच वर्षे शिकवले आणि क्यूबातील क्रांतीनंतर त्या हवानाला परतल्या. त्यांच्यावर स्वतंत्र सदर करावे अशी इच्छा आहे.

प्रश्न (पुणे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकणारी विद्यार्थिनी) : त्यांचे लेखन वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : छंदावरील प्रबंधाला इतक्यात हात लावू नये, त्यासाठी मध्ययुगीन स्पॅनिशची ओळख हवी. सुरुवात १९२८ मध्ये निघालेल्या सहा निबंधांच्या संग्रहापासून करावी. वर सांगितलेले १९२६ चे व्याख्यान त्यात आहे आणि आलार्कोनवरील लेखही. त्यांची वाक्ये आखूड, स्वच्छ आणि विशेषणांत कंजूष आहेत. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला वस्तुपाठ मिळणे कठीण. त्यानंतर स्पॅनिश अमेरिकेच्या संस्कृतीचा इतिहास घ्यावा. तो मृत्यूनंतर, १९४७ मध्ये आला आणि आकाराने आटोपशीर आहे. हार्वर्डची व्याख्याने इंग्रजी मुळातून वाचता येतील. मात्र शेजारी वही ठेवावी, कारण लेखकांची नावे पानोपानी येतात. बोर्खेस यांच्या प्रस्तावनेसह १९६० मध्ये मेक्सिकोत निघालेला समीक्षालेखनाचा मोठा खंड ग्रंथालयात मिळाला तर उत्तम. पुण्यात न मिळाल्यास दिल्लीच्या सेर्वांतेस इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात चौकशी करावी.